निकमसाहेबांनी साखर सोडली

“साखरपुड्यात साखर असलीच पाहिजे, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?” ह्यांनी विचारलं.

मी ओट्यापाशी नारळ खवत होते. हात थांबवून मी वर पाहिलं. ह्यांच्या हातात मी सकाळी सोनेरी कागदाचा करून ठेवलेला उभा पुडा होता, आणि चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा होता.

“मग काय भरू त्यात? मेथीदाणे?”

“काळ्या मनुका भर. लोह असतं त्यात. मुलाच्या हातात द्यायची वस्तू आहे, निदान त्याच्या उपयोगाची असावी.”

“आणि पाहुण्यांना पेढ्यांऐवजी काय वाटू?”

“भोपळ्याच्या बिया. भाजून.”

आतल्या खोलीत तेजू साडीची पिन शोधत होती. ती पिन न शोधताच बाहेर आली. “आई, बाबांना सांग, मी सरळ पळून जाऊन लग्न करते. त्यात साखर लागत नाही.”

“पळून गेलीस तरी रस्त्यात बिस्किटं खाऊ नकोस,” हे म्हणाले, आणि पुडा टेबलावर ठेवून अंघोळीला गेले.

आता, एवढ्यावरून कोणाला वाटेल की माझे यजमान कोणी निसर्गोपचारवाले असतील. तसं काही नव्हतं. हे कृष्णाकाठच्या आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट होते. आम्ही राहत होतो ते घर कारखान्याच्या कॉलनीतलं, दिव्यातली वीज कारखान्याची, नळाचं पाणी कारखान्याचं, आणि दर दिवाळीला सवलतीची साखर आमच्या घरी पोत्याने यायची. तेजूचं सगळं शिक्षण साखरेवर झालं. माझ्या हातातल्या पाटल्या साखरेच्या. आणि हाच माणूस दर रविवारी ऑफिसर्स क्लबात उभा राहून साखरेला पांढरं विष म्हणायचा. सोमवारी सकाळी पुन्हा त्या विषाची पोती भरून घ्यायला कामावर हजर.

ह्याची सुरुवात झाली ती त्याच्या पाचेक वर्षं आधी. मिरजेला माझं छातीचं ऑपरेशन झालं. गाठ होती, वाईट होती, काढली. डॉक्टर म्हणाले, “पाच वर्षं काही उपटलं नाही तर सुटलात म्हणायचं.” मी घरी आले, उशीला टेकून बसले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ह्यांनी जाहीर केलं की आजपासून ह्यांची साखर बंद. ऑपरेशन माझं, पथ्य ह्यांचं. बायको आजारातून उठली की इतर नवरे गजरा आणतात, फार तर एखादी साडी आणतात. आमच्याकडे ब्रिक्स मीटर आलं. ब्रिक्स मीटर म्हणजे रसात साखर किती आहे ते बघायची एक छोटी नळी असते. काचेवर थेंब टाकायचा आणि दुर्बिणीतून बघावं तसं एका डोळ्याने बघायचं. लॅबमधलं एक जुनं मीटर ह्यांनी घरी आणलं आणि स्वयंपाकघरात एक डोळा मिटून उभे राहू लागले.

पहिल्यांदा टोमॅटो सॉसची बाटली गेली. मग जॅम. मग बिस्किटं, टोस्ट, खारी, पाव, बाजारचं श्रीखंड, पाकिटातलं सूप. जे कारखान्यात तयार होतं ते कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने खाऊ नये, असा एकूण सिद्धान्त होता. भडंगात पिठीसाखर घालतात हे कळल्यावर भडंगही गेला, तेव्हा मात्र मला वाटलं की प्रकरण गंभीर आहे. सांगलीकडच्या माणसाने भडंग सोडणं म्हणजे संन्यासच.

आणि गंमत अशी की माझ्यावर काडीची सक्ती नव्हती. माझ्या चहात दोन चमचे साखर पूर्वीसारखीच. “तू अशक्त आहेस, तू खा,” असं म्हणून स्वतःच्या हाताने ढवळून द्यायचे. कोणाकडे बारसं असो, मुंज असो, पेढा दिला की हे नाही म्हणायचे नाहीत. पेढा घ्यायचे, कपाळाला लावायचे, खिशात टाकायचे आणि घरी आले की माझ्या हातावर ठेवायचे. ह्यांच्या एकूण एक शर्टांच्या खिशांना तुपाचे डाग पडले होते आणि मुंग्यांना ते खिसे पाठ झाले होते. साखर म्हणजे विष, असं जगाला सांगायचं आणि ते विष रोज खिशातून आणून बायकोला चारायचं, यावरून माझ्यावर ह्यांची किती माया आहे ते कॉलनीला दिसतच होतं.

बरं, साखर सोडली ती सोडली, गूळ मात्र चालू. गुळाचा चहा, गुळाची पोळी, जेवणानंतर गुळाचा खडा. एके काळी हेच म्हणायचे की गूळ म्हणजे अंघोळ न केलेली साखर, दोन्ही एकच. शेजारच्या पाटोळे वहिनींनी एकदा क्लबातल्या भाषणात हेच विचारलं. “भाऊजी, गुळात पण साखरच असते ना हो?”

“गुळात खनिजं असतात,” हे म्हणाले आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळले. इतका हुशार केमिस्ट, आणि उत्तर एवढं बारकं. पण पाटोळे वहिनींचा ह्यांच्यावर फार विश्वास. त्यांनी साखर तर सोडलीच, वर गूळही सोडला. वहिनींचं पाहून कॉलनीतली दहा-बारा घरं फिका चहा पिऊ लागली. शेवटी चेअरमनसाहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. “निकमसाहेब, तुम्ही आपल्या कारखान्याचे केमिस्ट आहात की विरोधी पॅनेलचे?”

ह्यांचं डोकं असं विज्ञानाने भरलेलं असल्यामुळे देवाधर्माला तिथे जागा नव्हती. कारखान्यात मळीच्या टाकीमागे, जिथे साखर काढून उरलेल्या त्या काळ्या चिकट पाकाच्या आंबूस वासाने डोकं उठतं, तिथे शेंदूर फासलेला एक म्हसोबा आहे. गळीत हंगाम सुरू व्हायच्या दिवशी चेअरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिथे नारळ फोडतात. त्या वेळी चीफ केमिस्ट हात पाठीमागे बांधून लांब उभे राहायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तेजूच्या बारावीला मी म्हसोबाला नारळ बोलले होते. तेव्हा हे महिनाभर येता-जाता विचारत, “पेपर बोर्ड तपासतंय का म्हसोबा?” माझ्या नवसांची ह्यांनी जन्मभर अशीच टिंगल केली. त्यामुळे साखर सुटली ती विज्ञानाच्या जोरावरच सुटली असणार, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही.

आणि अशा घरात तेजूने जावई शोधून आणला तो उसाच्या मळ्यातला. कोल्हापूरला कॉलेजात असताना तिची आणि संग्रामची ओळख झालेली. मुलगा सालस, शिकलेला, माझ्या मनात पहिल्याच दिवशी भरला. पण त्याचे वडील विलासराव जगदाळे म्हणजे इस्लामपूरकडचे मोठे ऊस बागायतदार. त्यांचा सगळा ऊस आमच्याच कारखान्याला यायचा. ह्यांच्या रविवारच्या भाषणांची कीर्ती उसाच्या गाड्यांबरोबर त्यांच्या शिवारापर्यंत पोचलेली होती.

लग्नाच्या बोलणीला ते आले, तेव्हा ह्यांनी त्यांना गुळाचा चहा आणि उकडलेल्या शेंगा दिल्या.

“काय ओ साहेब,” विलासरावांनी शेंग फोडत विचारलं, “आमच्या उसाची साखर तुम्हीच करायची आन् आयतवारी तिला शिव्या बी तुम्हीच द्यायच्या. हे कसं काय जमवता?”

“नोकरी वेगळी, आरोग्य वेगळं,” हे म्हणाले.

“बरं. आम्हाला काय. पोरांचं जमलंय, आम्ही खूश हाय.” मग त्यांनी कप खाली ठेवला. “फक्त एक सांगतो. सुपारी फुटली की आमच्यात व्याहीभेट असते. व्याह्यानं व्याह्याच्या तोंडात साखर घालायची. ती खाल्ली की सोयरीक पक्की. माझ्या आज्याच्या टायमाला एका व्याह्यानं तोंड फिरवलं, तर आमची माणसं भरल्या ताटावरनं उठून गाड्या जुंपून माघारी आली. ती सोयरीक मोडली ती मोडलीच. तेवढी रीत संभाळा, बाकी तुम्ही काय बी वाढा.”

हे शेंगा सोलत राहिले.

म्हणून त्या दिवशी, साखरपुड्याच्या आदल्या दुपारी, हे अंघोळ करून आल्यावर मी दार लोटून घेतलं आणि ह्यांच्यासमोर बसले.

“अहो, पेढे होतील, जिलेबी होईल, पुड्यात साखरच भरली जाईल. त्यातलं तुम्ही काही खाऊ नका. पण विलासराव चिमूटभर साखर भरवतील, तेवढी गिळा. पोरीसाठी.”

ह्यांनी टॉवेलने कान पुसले. पुन्हा पुसले.

“टाळता येणार नाही का?”

“चिमूटभर हो! तुमच्या त्या नळीतून दिसणारसुद्धा नाही.”

“बघू,” हे म्हणाले.

आमच्या संसारात ‘बघू’चा अर्थ आजवर ‘हो’ असाच निघत आला होता. माहेरी जायचं का, बघू. फ्रीज घ्यायचा का, बघू. मी निश्चिंत झाले आणि पुड्यात साखर भरून त्याला लाल रेशमी दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. जगदाळ्यांकडून तीन गाड्या भरून माणसं आली. संग्रामची आजी, तिला सगळे आक्का म्हणत, नऊवारी सावरत पुढच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने तेजूला पाटावर बसवून ओटी भरली, हातात त्यांच्याकडचा पुडा दिला, तिच्या तोंडात साखर घातली आणि बोटं मोडून दृष्ट काढली. तेजूचा चेहरा असा काही उजळला होता की आदल्या दिवशी पळून जायला निघालेली ती हीच का, असं वाटावं. अंगठ्या झाल्या. टाळ्या झाल्या. मागे जिलेबीचा वास सुटला होता आणि पाटोळे वहिनी साखरमुक्त मनाने त्या दिशेला बघत होत्या.

मग गुरुजी म्हणाले, “व्याहीभेट.”

विलासरावांनी ह्यांना कडकडून मिठी मारली. डोक्यावर फेटा बांधला. मग चांदीच्या वाटीतून साखरेची चिमूट घेतली आणि ह्यांच्या तोंडाशी नेली.

ह्यांनी ओठ मिटून घेतले.

विलासराव हसले. लाजतात असं त्यांना वाटलं असावं. “घ्या साहेब, घ्या.”

ह्यांनी मान मागे घेतली. मग तळहात पुढे केला, ती साखर हातावर घेतली, कपाळाला लावली, खिशातून रुमाल काढला आणि रुमालात ठेवली. “मला माफ करा,” हे म्हणाले. “मी खात नाही.”

मागे आचाऱ्याचा झारा कढईवर वाजला, तेवढाच आवाज.

“खात नाही म्हणजे?” विलासरावांचा हात अजून तसाच हवेत होता. “मी बोललो होतो ना तुम्हाला? साऱ्या भावकीसमोर तुम्ही माझ्या हातची साखर खिशात टाकता?”

“तसं नाही. साखर म्हणजे…” हे बोलू लागले. ते रविवारचं भाषण होतं. “साखर म्हणजे नुसत्या रिकाम्या कॅलरी. प्रक्रिया केलेलं कोणतंही अन्न हे मुळात…”

“बास!” विलासरावांनी वाटी खाली आपटली. साखर सतरंजीवर सांडली. “आमच्या उसाला विष म्हंता ते आम्ही गप ऐकून घेतलं. आता पोरगी देताना बी आमचं तोंड कडूच ठेवायचं? चला रं. गाड्या काढा.”

“आबा, राहू दे ना,” संग्राम पुढे झाला.

“तू गप बस!”

चपला शोधायची गडबड सुरू झाली. तेजू पाटावरून उठलेली नव्हती. मांडीवर पुडा होता आणि ती आपल्या बापाकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. आणि हे मधोमध उभे, डोक्यावर व्याह्याने बांधलेला फेटा, मुठीत रुमाल, आणि ओठ अजून कॅलरी, कॅलरी असं काहीतरी पुटपुटत होते. मला इतका संताप आला म्हणून सांगू! पोरीचं लग्न मोडतंय आणि ह्या माणसाला चिमूटभर साखर गिळवत नाही. मिरजेत डॉक्टरांनी मला वाचवलं ते हा दिवस बघायला का, असंही मनात येऊन गेलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाला आलं ते मी ओरडून बोलले.

“अहो, ह्यांचा नवस आहे!”

शुद्ध थाप होती. पण सुचली बरी. जगदाळे मंडळी जागच्या जागी थांबली. चपलेत पाय घातलेला एक काका तसाच उभा राहिला.

मला भीती होती ती ह्यांची. नवस शब्द ऐकल्यावर हे आता उसळणार, “कसला नवस? असल्या खुळचटपणावर माझा विश्वास नाही,” असं खणखणीत आवाजात सांगणार, आणि उरलीसुरली सोयरीकही बुडवणार. मी डोळ्यांनी ह्यांना विनवलं. पण ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

आक्का काठी टेकत उठली. “नवस हाय? आगं बया, मग आदी सांगायचं न्हाई व्हय? कुनाला बोललाय?”

मी ज्योतिबाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

“म्हसोबाला,” हे म्हणाले.

मला वाटलं, वा! जन्मात पहिल्यांदा माझ्या थापेला साथ दिली. आणि किती सहज.

“कंच्या म्हसोबाला?”

“कारखान्यातल्या. मळीच्या टाकीमागच्या.”

“कशापायी?”

ह्यांनी रुमालाला गाठ मारली आणि ती उगाचच घट्ट करत राहिले. मग खाली बघत म्हणाले, “हिचं ऑपरेशन होतं. आत नेलं होतं तिला. मला तिथे बसवेना. मी कारखान्यात आलो तो सरळ टाकीमागेच गेलो. म्हटलं, पाच वर्षं हिला काही होऊ देऊ नकोस. तोवर मी साखर तोंडात घालणार नाही.”

चपलेतल्या काकाने पाय बाहेर काढला.

“पाच वर्सं कंदी भरत्यात?” आक्काने विचारलं.

“पुढच्या महिन्यात.” ह्यांनी मान वर केली. “एकच महिना राहिलाय, आक्का. मला विज्ञान कळतं. साखर खाल्ल्याने तिकडे काही होत नसतं, हेही कळतं. पण एक महिनाच राहिलाय हो.”

मी थाप मारली होती. ती थाप नव्हती, हे कळायला मला जरा वेळ लागला. मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. चहा ढवळणारा हात, खिशातले पेढे, कपाळाला लावून बाजूला ठेवलेलं सगळं गोडधोड. मी स्वतः नवसाच्या दिवसांत सोडलेला पदार्थ असाच कपाळाला लावून ठेवत आले होते. रोज डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मला दिसलं नाही. मला रडू फुटलं. सगळ्या भावकीसमोर, नव्या साडीच्या पदरात तोंड घालून मी रडले.

विलासराव पुढे आले. त्यांनी ह्यांना पुन्हा मिठी मारली. फेटा वाकडा झाला.

“साहेब,” ते म्हणाले, “सरळ नवस म्हणाला असता तर दोन शब्दांत सुटला असता की. त्यापायी सगळ्या कॉलनीला भाषणं देत बसलात?”

“केमिस्ट माणूस म्हसोबाला नवस बोलला, हे सांगू कोणाला?” हे म्हणाले.

हशा पिकला. त्या हशातून पाटोळे वहिनींचा आवाज आला. “म्हणजे भाऊजी, आम्ही इतकी वर्षं फिका चहा प्यायलो तो तुमच्या म्हसोबासाठी?” आणि उत्तराची वाट न बघता त्या जिलेबीच्या टेबलाकडे गेल्या. त्यांनी ताट कितीदा भरून घेतलं ते मी मोजलं नाही.

आक्काने ह्यांच्या हातातला रुमाल घेतला, गाठ तपासून बघितली आणि माझ्या ओटीत टाकला. “ही व्याह्याची साखर हाय. नीट ठेव. नवस फिटला की तूच भरव ह्यास्नी. तवर सोयरीक पक्कीच हाय, माझ्या जबाबदारीवर.”

घरी आल्यावर मी एवढंच विचारलं, “मग गूळ कसा काय चालला हो?”

“मी म्हसोबाला साखर म्हणालो होतो,” ह्यांनी अगदी शास्त्रीय चेहऱ्याने सांगितलं. “गूळ म्हणालो नव्हतो.”

महिन्याने मिरजेला तपासणी झाली. डॉक्टरांनी सगळे फोटो दिव्याला लावून बघितले आणि म्हणाले, “निकमबाई, सुटलात.” येताना आम्ही घरी न जाता थेट कारखान्यात गेलो. मळीच्या टाकीमागे तोच आंबूस वास. ह्यांनी नारळ फोडला. मी पर्समधून रुमाल काढला आणि गाठ सोडली. साखर जरा पिवळी पडली होती, तिला कापडाचा वास लागला होता. मी ती ह्यांच्या तोंडात घातली.

हे बराच वेळ चघळत राहिले. डोळे भरून आले होते, ते लपवायला टाकीकडे तोंड केलं.

“कशी आहे?” मी विचारलं.

“ओलसर आहे,” चीफ केमिस्ट म्हणाले. “हा माल मी पास केला नसता.”

ह्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. हे निवृत्त झाले, आम्ही सांगलीत राहायला आलो, तेजूची मुलगी दहावीला आहे. आणि गेल्या वर्षी ह्यांना खरोखरच मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद केली, गूळ बंद केला, पाकिटातलं सगळं बंद केलं. मूत्रपिंडाला धक्का पोचतोय, आता हयगय करून चालणार नाही, असं बजावून सांगितलं. आता ह्यांना सगळं सोपं असायला हवं. विषय पाठ, भाषण तयार, सवय जुनी.

पण कसलं काय! फडताळात तांदळाच्या डब्यामागे बिस्किटांचा पुडा सापडतो. फिरायला म्हणून जातात आणि मिशीला पिठीसाखर लावून येतात. भडंगाचं पाकीट तर वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली. विचारलं की म्हणतात, “एवढ्याशाने काही होत नसतं.” ज्या माणसाने पाच वर्षं साखरेचा कण जिभेवर ठेवला नाही, पोरीचं लग्न मोडायची वेळ आली तरी ठेवला नाही, त्याला आता स्वतःच्या तब्येतीसाठी दुपारच्या चहापर्यंतही दम निघत नाही. सोडा म्हटलं की उत्तर ठरलेलं. बघू.

गेल्या महिन्यात तेजू आली होती. तिला म्हटलं, मला जरा जुन्या कॉलनीत नेऊन आण, पाटोळे वहिनींना भेटून येते. वहिनींना भेटले. येताना तिला गाडीतच बसायला सांगून मी कारखान्यात एक चक्कर मारून आले. टाकी नवी बांधली आहे, वास जुनाच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना ह्यांनी माझ्या कपात चमचा घातला, सवयीने. मी कप बाजूला ओढला.

“मला साखर नको.”

“का? तुला तर दोन चमचे लागते.”

“पांढरं विष असतं ते,” मी म्हटलं. “बिस्किटं, टोस्ट, सॉस, सगळंच वाईट. प्रक्रिया केलेलं कोणतंही अन्न मुळात वाईटच. मी वाचलंय.”

हे माझ्याकडे बघत राहिले. बशीतलं अर्धं बिस्किट ह्यांनी चहात बुडवायला उचललं होतं. ते हातात तसंच राहिलं. मग ह्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. दाराशी काढलेल्या त्या चपलांना अजून मळीचा काळा चिकटा लागलेला होता.

“किती वर्षांचं बोललीस?” ह्यांनी हळूच विचारलं.

“केमिस्ट माणसाने असलं काही विचारू नये,” मी म्हटलं आणि फिक्या चहाचा घोट घेतला. फार वाईट लागला.

ह्यांनी हातातलं बिस्किट कपाळाला लावलं आणि बशीत परत ठेवलं.